तोंड उघड

देवीलाल आपण होऊन अंगणात आला आणि चहा मागू लागला, तेव्हाच डोंगरसिंगाच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. होळीपासून दोघा सख्ख्या भावांत शब्द नव्हता. रस्त्यात गाठ पडली तर एक जण थुंकायचा आणि दुसरा वाट बदलायचा. आणि आज हा गडी सकाळच्या उन्हात येऊन ओट्याच्या पायरीवर पाय पसरून बसला होता.

"भाभी, चा ठेव," देवीलाल म्हणाला. "भियाच्या घरचा चा लय दिवसांत पेलो नाई."

धुरपताबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. डोंगरसिंग बंजाऱ्यांच्या तांड्याचा नायक, म्हणजे मुखिया. दारात आलेल्याला, तो टीबीचा असो की वैरी असो, चहा नाही म्हणता येत नाही. त्यानं मान हलवली. तिनं चुलीमागचा जर्मनचा जुना गिलास काढला, जो नंतर फेकून देता येईल असा. देवीलालनं गिलास ओळखला. हसला. हसता हसता खोकला.

वाटेनं तांड्यातलाच भीमसिंग बैलं घेऊन चालला होता. देवीलालनं गिलास उंच धरून हाक मारली, "भीमसिंगा! पाह्य रे! भियाच्या घरी चा पेऊन राह्यलो! ध्यानात ठेवजो!"

"ध्यानात कायले ठेवायचं?" भीमसिंग हसून म्हणाला आणि पुढं गेला.

डोंगरसिंगानं विचारलं, "काय काम हाय?"

"काम? काई नाई. तुहं तोंड पाह्यले आलो. मरायच्या आधी पाहून घ्यावं म्हटलं."

"पाह्यलं? मंग जाय आता."

पण देवीलाल गेला नाही. तो बसून राहिला आणि शिव्या देत राहिला, अगदी सावकाश, एकेक शिवी निवडून. त्यातली एकही खोटी नव्हती, हे डोंगरसिंगाला जास्त झोंबत होतं. देवीलालला रक्त पडायला लागलं तेव्हा तांड्यातल्या लेकराबाळांचं निमित्त सांगून त्याला खालच्या अंगाला, नाल्याच्या काठी कापसाच्या पऱ्हाट्यांच्या कुडाच्या खोपडीत कोणी घातलं होतं? नायकानं. त्याच्या पोरीला, लालीला, होळीला केळापूरकडच्या तांड्यातून मागणी आली, तेव्हा पाहुण्यांना बापाच्या बिमारीची गोष्ट कोणी सांगितली? नायकानं. बाजूला नेऊन सांगितली असती तर गोष्ट वेगळी. पण डोंगरसिंगानं ती भरल्या बैठकीत, दारू चालू असताना, खणखणीत आवाजात सांगितली होती. "मागून शिव्या खाण्यापेक्षा आधी सांगतलेलं बरं," असं तो म्हणाला होता. पाहुणे तसेच उठून गेले. लाली त्या दिवशी विहिरीकडे धावली होती. बायांनी धरून आणली.

बोलता बोलता देवीलालची जीभ जड झाली. शब्द एकात एक अडकायला लागले. पिऊन आला असेल, असं डोंगरसिंगाला वाटलं. मग देवीलालनं पायरीवरच ओकारी केली, डोळे वर फिरवले आणि आडवा झाला. सगळं अंग ताठ झालं. मग हातपाय असे झडायला लागले, की पायरीचा दगड डोक्याला लागून लागून रक्त निघालं. दातांतून फेस आला. एकदा थांबलं. धुरपताबाई पाणी घेऊन आली, तोवर पुन्हा सुरू झालं.

आणि नाल्याकडून देवीलालची बायको मानीबाई ओरडत आली, कोणी बोलवायला गेलं नव्हतं तरी. वीस वर्षांत तिनं जेठापुढं, थोरल्या दिरापुढं, तोंड उघडं केलं नव्हतं. घुंगटो ओढूनच ती त्याच्यासमोरून जायची. आज तिच्या डोक्यावर ओढणी नव्हती. तिनं डोंगरसिंगाच्या तोंडासमोर हात नाचवला.

"घातलं! जेठानं घातलं! डुकरायचा कुचला चा मधी घातला!"

कुचला डोंगरसिंगाच्या घरी होता, ही गोष्ट तांड्याला ठाऊक होती. ज्वारीत रानडुकरं शिरायची म्हणून त्यानं जंगलातून कुचल्याच्या बिया आणून, कुटून, पिठाच्या गोळ्यांत भरून शेताच्या धुऱ्यावर ठेवल्या होत्या. दोन डुकरं मेली होती. त्यांचं मरण पोराटोरांनी पाहिलं होतं. तीही अशीच ताठ होऊन मेली होती.

लोक जमले. कोणी काही बोललं नाही. ते न बोलणं डोंगरसिंगाला ओळखू आलं. तो स्वतः बैठकीत एखाद्याचा निवाडा करायच्या आधी असाच गप्प बसायचा.

त्यानं भावाला खांद्यावर टाकलं आणि सडकेकडे धाव घेतली. माया म्हणून नाही. हा अंगणात मेला तर आपण संपलो, एवढंच डोक्यात होतं. कापसाच्या बोंद्र्या भरलेला ट्रक पुसदला जिनिंगवर चालला होता. ड्रायव्हरनं फेस पाहून नाही म्हटलं. डोंगरसिंग चाकापुढं आडवा उभा राहिला. मानीबाई मागून चढली आणि पुसद येईपर्यंत त्या कापसात बसून एकच वाक्य ओरडत राहिली. मधेमधे देवीलालचे झटके थांबत. पुन्हा येत. डोंगरसिंग त्याची मान मांडीवर धरून होता आणि मनात म्हणत होता, मर लेका, पण इथं नको मरू.

पुसदला डॉक्टर नंदकिशोर यांचा दवाखाना होता, सहा-सात खाटांचा, बाजाराच्या अंगाला. डॉक्टर नागपूरहून शिकून आलेले, चाळिशीच्या आतले, बोलायला तिखट. लोक म्हणायचे की औषधापेक्षा त्यांच्या बोलण्यानंच बिमारी पळते. त्यांनी देवीलालला टेबलावर घेतलं, झटके दाबणाऱ्या लुमिनलची सुई दिली आणि मानीबाईचं ओरडणं ऐकून कंपाउंडरला पोलिसांकडे पाठवलं. विषाचा संशय असला की पाठवावंच लागतं, असं त्यांनी डोंगरसिंगाला तोंडावर सांगितलं.

जमादार पंजाबराव आला. पान खात आला आणि पान खातच त्यानं डोंगरसिंगाला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं.

"काय रे नायक, भावाले डुक्कर समजला का?"

"मी काई घातलं नाई."

"घरी कुचला हाय का नाई?"

"हाय."

"चा कोनाच्या घरी पेला?"

"माह्या."

"मंग देवानं घातला म्हन." पंजाबरावानं पिंक टाकली. "बस इथं. हल्ला तं पायच मोडतो."

आतून झटक्यांचा आवाज येत होता, लोखंडी टेबल फरशीवर खडखडत होतं. लुमिनल झालं, दुसरं एक घाणेरड्या वासाचं औषधही झालं. टेबल थोडा वेळ थांबायचं, पुन्हा खडखडायचं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांचा सदरा घामानं अंगाला चिकटला होता.

"कुचला नाही हा," ते जमादाराला म्हणाले.

डोंगरसिंगानं मान वर केली.

"कशावरून?" जमादारानं विचारलं.

"कुचला खाल्लेला माणूस शेवटपर्यंत शुद्धीवर असतो. नुसतं दार वाजलं, कोणी हात लावला, तरी ताठ होतो. ह्याच्या कानाशी मी ताटली आपटली, काही नाही. हा बेशुद्ध आहे. झटका आतूनच येतोय, मेंदूतून." ते मानीबाईकडे वळले. "बाई, ह्याला काय काय औषधं चालू आहेत?"

मानीबाई भिंतीला टेकून उकिडवी बसली होती. "खोकल्याच्या गोळ्या."

"टीबीच्या? पांढऱ्या, बारीक?"

"होय."

"रोज किती घेतो?"

"सांगतल्या तितक्या."

"डबी कुठं आहे?"

"घरी."

"नीट आठवून सांगा. आज जास्त खाल्ल्या का? मूठभर? हे मला कळलं पाहिजे. त्या गोळ्या असतील तर माझ्याकडे एक उपाय आहे. दुसरं विष असेल तर तो उपाय करण्यात वेळ जाईल आणि माणूस हातचा जाईल."

मानीबाई जमिनीकडे बघत म्हणाली, "जेठानं घातलं."

डोंगरसिंग तिच्याकडे पाहत होता. वीस वर्षं तिच्या घुंगट्याकडे पाहिलं होतं, तोंड आजच दिसलं होतं. आणि त्या तोंडावर खोटं कसं दिसतं हे त्याला नायकीनं शिकवलं होतं. बैठकीत कित्येक जण त्याच्यासमोर असेच जमिनीकडे बघून बोलले होते. शिवाय कोणी बोलवायच्या आधीच ही नाल्यावरून धावत आली होती. एकाएकी सकाळचं सगळं त्याच्यासमोर उभं राहिलं. न बोलावता येणं. चहा मागणं. भीमसिंगाला हाक मारून 'ध्यानात ठेवजो' म्हणणं.

भावानं आपला जीव देऊन त्याच्यासाठी फास वळला होता.

पहिल्यांदा त्याला वाटलं, मरू दे. मग वाटलं, हा मेला तर मीही मेलोच. तो बाकावरून उठला. जमादारानं दंडुका आडवा धरला. डोंगरसिंगानं तो हातानं बाजूला सारला आणि मानीबाईसमोर जाऊन उभा राहिला. तो गोरमाटीत, तांड्याच्या बोलीत बोलला, हळू आवाजात, आणि त्यात दयेचा लवलेश नव्हता.

"त्यानं तुले सांगतलं, गप बस म्हून. होय ना? त्याले खोकल्यापासून सुटका पायजे. माह्या गळ्यात फास पायजे. दोघायचं काम झालं. तुहं काय? चुडा तुहा फुटीन. लालीले कोन करन? तांड्यात तुले माह्याच पोट्ट्यायच्या दारात उभं राहावं लागन, अन् ते तुले पानीबी पाजनार नाई. तो मेल्यावर कोन उरते ते पाह्य. तू उरतं. तोंड उघड."

मानीबाईनं वर पाहिलं. असा द्वेष डोंगरसिंगानं कोणाच्या डोळ्यांत पाहिला नव्हता. तिनं कमरेच्या पिशवीत हात घातला, पत्र्याची डबी काढली आणि त्याच्या तोंडावर फेकून मारली.

"घे! घाल तुह्या नरड्यात! नाल्यात फेक म्हणाले होते. म्या नाई फेकली." आणि ती जमिनीवर कपाळ आपटून रडायला लागली. "महिन्याच्या होत्या. बाजाराच्या दिवशी आनल्या होत्या. सकाळी मूठ भरून खाल्ल्या. महागावच्या डॉक्टरनं सांगतलं होतं, जास्ती खाल्ल्या तं जहर हाय, म्हून."

डॉक्टरांनी डबी उचलली. तळाशी चार-दोन गोळ्या खुळखुळत होत्या. त्यांनी कंपाउंडरला ओरडून सांगितलं, "बी-सिक्सच्या सुया किती आहेत? सगळ्या काढ! आणि रत्नप्रभाबाईंकडे पळ. त्यांच्याकडं असतील त्या सगळ्या माग."

"त्या देतील का साहेब?" कंपाउंडर दारातच थबकला. "मागल्या महिन्यात तुम्ही त्यांना..."

"पळ म्हटलं ना!"

रत्नप्रभाबाईंचं बाळंतपणाचं हॉस्पिटल दोन गल्ल्या सोडून होतं. मागच्याच महिन्यात डॉक्टर नंदकिशोर यांनी चार लोकांत त्यांना 'शिकलेली सुईण' म्हटलं होतं. त्या स्वतःच आल्या, हातात खोका घेऊन, आणि उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "हे मी ओकाऱ्या होणाऱ्या गरोदर बायांसाठी ठेवते. तुमच्यासारख्या मोठ्या डॉक्टरांना सुईणीच्या घरचं जीवनसत्त्व चालतं का?"

"चालतं. आणा इकडं."

"आधी माफी."

"माणूस मरतोय, बाई!"

"म्हणून तर आत्ता मागते. एरवी तुम्ही देणार नाही."

टेबल पुन्हा खडखडायला लागलं. डॉक्टर नंदकिशोर यांनी दात आवळले. "चुकलो," ते म्हणाले. रत्नप्रभाबाईंनी खोका टेबलावर ठेवला, पदर खोचला, आणि न विचारता देवीलालचा हात दाबून धरून शीर दाखवली. त्या गेल्या नाहीत. शेवटची सुई होईपर्यंत त्या आणि डॉक्टर एकमेकांवर खेकसत एकमेकांच्या हाताखाली काम करत होते.

डोंगरसिंग दाराच्या चौकटीला धरून उभा होता. चार-पाच सुया एकामागून एक शिरेत गेल्या. एक झटका आला, पण अर्ध्यातच ढिला पडला. मग आणखी सुया. देवीलालचा जबडा सैल झाला, मुठी उघडल्या. टेबल थांबलं. सगळे पुढच्या झटक्याची वाट पाहत उभे राहिले. तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी देवीलाल झोपेत होता, पण श्वास सरळ चालला होता. जमादार कागद घेऊन आला होता आणि त्याला काही उमगत नव्हतं. डोंगरसिंगाला तर रागानं रात्रभर डोळा लागला नव्हता.

"असल्या कशा गोळ्या देता, डॉक्टरसाहेब?" तो म्हणाला. "बिमारी बरी करनार म्हणता अन् मानूस मारता!"

"मूठभर मीठ खाल्लं तर मीठही मारतं," डॉक्टर फटकन म्हणाले. "ऐकायचं असेल तर नीट ऐक, नाही तर बाहेर बस." आणि मग, कदाचित जमादाराच्या कागदासाठी, त्यांनी सांगायला घेतलं. "मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मधे बारीक फट असते. एका पेशीचा निरोप दुसरीकडे न्यायचा तर फटीतून एक रसायन पाठवावं लागतं. आपण डाळ खातो, दूध पितो, त्यातून शरीराला ॲमिनो आम्लं मिळतात. अंग त्यांचंच बनतं. पण त्यांतली काही मेंदू निरोप्यासारखी वापरतो. एकाचं नाव ग्लुटामिक. तो ज्या पेशीकडं जातो तिला म्हणतो, ऊठ, पळ. दुसरा आहे, त्याला गॅबा म्हणतात. तो म्हणतो, थांब. दोघं असले की माणूस नीट चालतो, नीट बोलतो. कळलं?"

"पुढं बोला."

"तो थांब म्हणणारा आपोआप येत नाही. पळ म्हणणाऱ्यापासूनच मेंदू तो तयार करतो, आणि त्या कामाला बी-सिक्स हे जीवनसत्त्व लागतं. टीबीची गोळी ते जीवनसत्त्व अडवते. रोजच्या प्रमाणात निभतं. ह्यानं मूठभर खाल्ल्या, सगळं अडलं. थांब म्हणणारे संपले आणि पळ म्हणणारे तेवढे राहिले. म्हणून झटके. लुमिनलनं नुसतं दाबून ते भागलं नसतं. जे संपलं होतं तेच भरून द्यायला हवं होतं. ह्यात परदेशातले मोठे मोठे लोक अजून आपसांत भांडतायत, की हे निरोपे खरेच असे चालतात की नाही. पण बी-सिक्स दिल्यावर झटके थांबतात, ते तुम्ही काल डोळ्यांनी पाहिलं."

"म्हंजे त्याच्या डोक्यात थांब म्हणनारा कोनी नव्हता," डोंगरसिंग म्हणाला.

"नव्हता."

"तो तं होळीपासूनच नव्हता."

जमादार हसला. डॉक्टर हसले नाहीत. "आणि तुझ्या डोक्यात होता का?" त्यांनी विचारलं. "मानीबाईनं रात्री मला सगळं सांगितलं. गोळ्या चालू झाल्या की थोड्याच दिवसांत रोग दुसऱ्याला लागायचा कमी होतो. माणसाला नाल्याकाठी कुडाच्या खोपडीत टाकायची गरज नसते. पोरीचं लग्न मोडायची तर नाहीच नाही. हे विचारायला कधी आलास माझ्याकडं?"

डोंगरसिंग उठून आत गेला.

देवीलाल डोळे उघडून छताकडे बघत होता. भावाला पाहून त्याचा चेहरा आधी गोंधळला, मग कडवट झाला.

"काहून आनलं मले?"

"माह्या आंगनात मरू नये म्हून."

"तुले फाशी झाली पायजे होती."

"ठाऊक हाय."

"मानीनं सांगतलं?"

"डबी तोंडावर मारली माह्या." डोंगरसिंगानं गालावरचा ओरखडा दाखवला. देवीलालला तेवढ्यानंही थोडं बरं वाटलेलं दिसलं.

पंजाबराव खाटेपाशी आला. जीव द्यायचा प्रयत्न म्हणजे गुन्हा; दुसऱ्यावर खोटा आळ म्हणजे आणखी एक. "लिहू काय, नायक? तू फिर्याद देतं का?"

फिर्याद दिली तर यवतमाळला खटला चालेल, पेपरात नाव येईल, आणि लालीचं नाव पुन्हा चार तांड्यांत फिरेल. एकदा ते फिरवलं होतं त्यानं. "चुकून खाल्ल्या त्यानं," तो म्हणाला. "अडानी मानूस. लवकर बरं व्हावं म्हून."

"चुकून नाई!" देवीलाल खाटेवरून ओरडला. त्याच्यात बळ नव्हतं, पण ओरडला. "मुद्दाम खाल्ल्या! उपकार नको मले याचे! लिहा जमादार, मुद्दाम!"

"याच्या डोक्यावर अजून असर हाय," पंजाबराव म्हणाला. त्यानं 'चुकून' असं लिहिलं, अंगठे घेतले आणि जेवायला निघून गेला.

निघताना डॉक्टरांनी मानीबाईला सांगितलं की उपचार दीड वर्ष चालतील, आता रोज बी-सिक्सची एक छोटी गोळीही बरोबर घ्यायची, आणि डबी देवीलालच्या हाती अजिबात द्यायची नाही. रोज कोणीतरी उभं राहून गिळवली पाहिजे.

"मी नाई ठेवत डबी," मानीबाई म्हणाली. तिची ओढणी पुन्हा तोंडावर आली होती आणि ती डॉक्टरांकडे बघून बोलत होती, जेठ तिथंच असूनही. "ज्यानं याले खोपडीत घातलं, त्यानं ठेवावी. रोज सकाळी त्यानं खाली यावं. तांड्याले दिसू दे."

डोंगरसिंगाला नाही म्हणता आलं असतं. तो नाही म्हणाला नाही, एवढंच.

मग तसंच चाललं. रोज सकाळी नायक नाल्याकडे उतरायचा. तांडा बघायचा. देवीलाल खोपडीच्या दारात बसलेला असायचा, पाठ करून. डोंगरसिंग तळहातावर गोळ्या ठेवायचा. देवीलाल त्या उचलून तोंडात टाकायचा, पाणी प्यायचा.

"तोंड उघड."

देवीलाल जीभ बाहेर काढून दाखवायचा, लेकरू वेडावून दाखवतं तशी. मग थुंकायचा. एरवी दुसरा शब्द निघत नसे. एकदा पावसाळ्यात नाल्याला पूर आला, डोंगरसिंग कमरेएवढ्या पाण्यातून उतरून गेला तर देवीलाल म्हणाला, "वाहून गेला असता तं बरं झालं असतं." डोंगरसिंग म्हणाला, "तोंड उघड."

खोकला कमी झाला, रक्त थांबलं, देवीलालच्या अंगावर मांस चढलं. महागावच्या बाजारात तो पुन्हा दिसायला लागला. लालीचं लग्न मानीबाईच्या माहेरच्यांनी जमवलं आणि तिकडंच लावलं. नायकाला बोलावणं नव्हतं. धुरपताबाई त्या दिवशी घरात भांडी आपटत होती. डोंगरसिंग वावरात गेला आणि अंधार पडल्यावर आला. डॉक्टरांनी थुंकी तपासली, दोनदा तपासली, आणि गोळ्या बंद केल्या. देवीलालनं स्वतःच्या हातानं खोपडी मोडली, पऱ्हाट्या जाळल्या आणि तांड्यातल्या जुन्या घरात राहायला आला. त्याचं दार डोंगरसिंगाच्या दारासमोरच होतं. त्यानं ते वीटकाम करून दुसऱ्या बाजूला फिरवून घेतलं.

एकोणीसशे सहासष्टच्या उन्हाळ्यात भीमसिंगाची बुढी आई रक्त थुंकली. बैठक बसली. लोक नायकाच्या तोंडाकडे पाहत होते. खोपडी कुठं घालायची, एवढंच ठरायचं होतं. वरच्या अंगाला की खालच्या. भीमसिंग कोपऱ्यात मान घालून बसला होता.

"खोपडी घालायची नाई," डोंगरसिंग म्हणाला. "बुढी घरातच राहीन. उद्या पुसदले नेऊ. गोळ्या चालू झाल्या की थोड्या दिवसांत लागन कमी होते. डॉक्टरनं सांगतलं हाय."

"वा!" मागून देवीलाल उठला. आता त्याचा आवाज भरदार झाला होता. "मले बाहेर टाकलं तवा डॉक्टर नव्हता का? गोळ्या नव्हत्या का? मी कुत्रा, अन् भीमसिंगाची बुढी देवी? नाई! इलेबी नाल्यावर टाका! कायदा एक ठेवा, नायक!"

कुजबुज सुरू झाली. काही माना डोलल्या. लोक बिमारीला भ्यायचे, आणि देवीलालच्या बोलण्यात न्याय आहे असं म्हणायला मिळालं की भिणं सोपं होतं. भीमसिंग देवीलालकडे पाहतच राहिला. जो माणूस त्या खोपडीतून जिवंत आला, तोच त्याच्या आईला तिथं टाका म्हणत होता.

डोंगरसिंग देवीलालकडे वळला. मग म्हणाला, "तुले टाकलं ते माहं चुकलं."

नायकाच्या तोंडून असं कोणी ऐकलं नव्हतं; त्याच्या बापाच्या तोंडूनही नाही.

"जोरात बोल," देवीलाल म्हणाला.

"चुकलं माहं. खोपडीत टाकलं ते चुकलं. लालीची गोष्ट बैठकीत सांगतली ते त्याहून चुकलं. आता खाली बस."

देवीलाल बसला नाही. त्याचे ओठ हलले, काहीतरी म्हणायचं होतं, पण ज्याच्यासाठी तो एकदा जीव द्यायला निघाला होता ते हातात आल्यावर त्याचं काय करायचं हे त्याला कळलं नसावं. तो माणसं ओलांडत बाहेर गेला, आणि जाता जाता म्हणाला, "अजून माफ नाई केलं."

"म्या मागतली नाई," डोंगरसिंग म्हणाला.

सकाळी त्यानं स्वतः बंडी जुपली. भीमसिंगानं आईला उचलून गवतावर निजवलं आणि तिच्याजवळ बसला. तांडा दारादारांतून पाहत होता. मानीबाई विहिरीवर होती, तिनं घुंगटो ओढला आणि पाणी शेंदत राहिली. देवीलाल कुठं दिसला नाही. बुढी खोकायला लागली, तसा डोंगरसिंग मागं वळून वसकन ओरडला, "तोंडावर फडकं धरा तिच्या!" आणि बैलांच्या शेपट्या पिळून त्यानं बंडी सडकेला लावली.